पबमधली बैठक

दिवाळी अंक आला, की आमच्या या सदराला ऐसपैस जागा मिळते. एरवी दर आठवड्याला दीड स्तंभात शेजार, पाहुणे, स्वयंपाकघर नि मुलांच्या परीक्षा एवढ्यावर भागवावं लागतं. या खेपेला मात्र मोठा ऐवज गाठीशी आहे. यंदा जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आम्ही दोघं आयर्लंडला राहून आलो. ‘पाहून आलो’ असं मी म्हणत नाही. पाहणारी मंडळी आठ दिवसांत चार राजधान्या पाहतात. आम्ही सात आठवडे एकाच गावात भाजी आणली, कपडे वाळत घातले, पाऊस आला म्हणून पुन्हा आत घेतले, नि मधूनमधून देश पाहिला.

मुलगी नि जावई सहा वर्षांपासून तिकडे पश्चिम किनाऱ्याकडच्या क्लेअर परगण्यात, एनिस या गावी राहतात. जावई शॅननच्या एका कारखान्यात, मुलगी लिमरिकमधल्या एका प्रयोगशाळेत. नात दहा वर्षांची. दोघं कामाला नि नात शाळेत, म्हणजे दिवसभर आम्ही दोघं नि खिडकीतला पाऊस. तो पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही. लाजरी सून जशी माजघरातून दाराशी येते नि परत आत जाते, तसा तो दिवसातून दहा वेळा येतो नि जातो. जूनअखेर रात्रीचे दहा वाजले तरी सूर्य मावळत नाही. मग जेवणं उरकल्यावर करायचं काय? चौथ्या दिवशी जावईबापू म्हणाले, “आई, चला, पबमध्ये जाऊन येऊ.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे पाहत होते. आमचं घर कसलं, ते तुम्हांला या सदरातून ठाऊक आहेच. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आमच्याकडे आधी हुंगून मग चमच्यात ओततात. अशा घरातल्या सुनेनं साठी उलटल्यावर गुत्त्यात जाऊन बसायचं! पण नात आधीच बूट घालून दारात उभी. “आजी, मी पण येतेय. दहा वाजेपर्यंत चालतं,” ती म्हणाली. नि ते खरंच आहे. मोठ्यांबरोबर असेल तर तिकडच्या कायद्यानं मुलांना पबमध्ये रात्री नऊपर्यंत, नि मे ते सप्टेंबर दहापर्यंत बसता येतं. नातीच्या बरोबर आजी जाते, यात कोणाला काही म्हणायला जागा नाही, असं ठरवून मी पदर खोचला.

वाचक भगिनींनी आधी एक गोष्ट समजून घ्यावी. पब म्हणजे नुसता दारूचा अड्डा नव्हे. खेड्यातला पब हा आपल्याकडच्या पाराचा, न्हाव्याच्या दुकानाचा नि वाचनालयाच्या ओट्याचा मिळून एक होतो. जुन्या काळी पुष्कळ पबमध्ये पुढच्या बाजूला किराणा मिळे नि मागच्या बाजूला पेला. काही ठिकाणी तोच मालक मयताचीही व्यवस्था पाही! चहा मागितला तर कोणी भुवई उंचावत नाही, कारण चहा पिण्यात हे लोक आपल्याला हार जाणारे नव्हेत. किटलीभर येतो, दुधाचं भांडं वेगळं. धुराचाही त्रास नाही. २९ मार्च २००४ पासून कामाच्या प्रत्येक बंदिस्त जागी विडी-सिगारेट बंद करणारा आयर्लंड हा पहिला देश. आता पेले असतात, ते नाहीत असं कशाला म्हणू? त्या देशानं दारूपायी पुष्कळ सोसलं आहे, नि १८३८ पासून फादर मॅथ्यू यांनी लाखो लोकांना न पिण्याच्या शपथा दिल्या, त्या उगीच नव्हेत. पण आम्ही ज्यासाठी गेलो ते पेल्यात नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलापाशी होतं.

तिथं सात-आठ माणसं एकमेकांकडे तोंड करून बसली होती. गिऱ्हाइकांकडे पाठ! मला आधी वाटलं, पत्ते खेळताहेत. मग एकानं पायानं ठेका धरला, फिडल सुरू झालं नि बघता बघता सगळे त्यात शिरले. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, निवेदक तर नाहीच. एक पोस्टमन, एक शाळामास्तरीण, एक गाईंचा डॉक्टर, एक कॉलेजातला मुलगा नि एक ऐंशीचे आजोबा. याला तिकडे ‘सेशन’ म्हणतात. आपण म्हणू बैठक.

वाद्यांची ओळख करून देते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. टिन व्हिसल ही पत्र्याची सहा भोकांची उभी पिपाणी. तिकडच्या पुष्कळ शाळांत मुलांना हीच पहिल्यांदा हातात देतात. आमच्या नातीच्याही दप्तरात ती असते. बोरान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा एकतोंडी डफ, छोट्या दांडक्यानं वाजवतात. कॉन्सर्टिना ही आपल्या पेटीची धाकटी बहीण. दोन्ही हातांत धरायची षट्कोनी डबी, मध्ये भाता, आत धातूच्या पट्ट्या. नि सर्वांत मानाचं वाद्य म्हणजे इलन पाइप्स. ‘इलन’ म्हणजे कोपराचं. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली हवेची पिशवी, तोंडानं फुंकायचं काम नाही. त्याचा सूर ऐकून मला पहाटेची सनई आठवली. २०१७ साली युनेस्कोनं हे वादन मानवजातीच्या वारशात नोंदवून घेतलं.

गंमत अशी, की या सगळ्या वाद्यांवर एकच चाल वाजते. इंग्रजी बँडसारखं एकानं एक नि दुसऱ्यानं दुसरं, असं नाही. चाल एक, पण प्रत्येकाची मुरकी निराळी. म्हणून आपल्या कानाला ते परकं वाटत नाही. अस्थायी-अंतऱ्यासारखे चालीचे बहुधा दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा, सगळी चाल दोन-तीनदा, नि मग मध्ये न थांबता दुसरी चाल. ‘जिग’ सहाच्या वजनाची, आपल्या दादऱ्यासारखी डुलते. ‘रील’ चारच्या वजनाची, केरव्यासारखी धावते. समोर कागद कोणाच्याच नाही. ज्याला चाल येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकतो, नि पुढच्या महिन्यात ती त्याला येते. शिकवणीची ही एवढीच रीत.

बसण्याचेही नियम आहेत, ते कोणी भिंतीवर लिहीत नाही. वादकांच्या टेबलाची खुर्ची ओढून घ्यायची नाही. फर्माईश करायची नाही. नि कोणी नुसत्या गळ्यानं गायला लागलं, तर बारच्या पलीकडचा माणूससुद्धा पेले धुणं थांबवतो.

मला वाटत होतं, ही परंपरा हजार वर्षांची असेल. दुसऱ्या आठवड्यात त्या ऐंशीच्या आजोबांशी ओळख झाली, तेव्हा त्यांनी हसून मान हलवली. चाली जुन्या आहेत, पण पबमधली बैठक वयानं त्यांच्याहूनही धाकटी! त्यांच्या लहानपणी गाणं-वाजवणं नि नाच स्वयंपाकघरात होई. चुलीपाशी शेजारीपाजारी जमत, दगडी फरशीवर टाचा वाजत. १९३५ साली सरकारनं नाचाच्या जागांना परवाना लागेल असा कायदा केला, नि त्याच्या नावाखाली धर्मगुरू नि पोलीस घरगुती नाचांवरही धाडी घालू लागले. घरातली बैठक मोडली. पुढे १९५० च्या सुमारास गावंच्या गावं पोटासाठी इंग्लंडला गेली. लंडनच्या कॅम्डन भागात एकेका खोलीत चार-चार मजूर राहत. खोलीत फिडल वाजवलं तर घरमालकीण बाहेर काढी. मग ते जाणार कुठं? पबमध्ये! तिथं त्यांची बैठक बसली, नि तीच रीत मायदेशीही रुजली. १९५१ साली मलिंगार गावी या संगीताचा मोठा मेळा भरला, त्याच वर्षी त्यासाठी संस्था निघाली, नि खेड्यापाड्यांतली वादक मंडळी पुन्हा एकत्र येऊ लागली.

हे ऐकून आमचे हे एकदम म्हणाले, “म्हणजे आमच्या चाळीतल्या भजनासारखंच की!” यांचं मूळ गाव मालवण तालुक्यात, पण वाढले परळच्या चाळीत. कोकणातून आलेले चाकरमानी दिवसा गिरणीत खपायचे नि शनिवारी रात्री एका खोलीत पेटी, मृदंग, टाळ घेऊन बसायचे. गावच्या देवळातलं भजन असं चाळीत आलं. यांनी हे आजोबांना आपल्या बँकेतल्या इंग्रजीत समजावून सांगितलं. आजोबांनी ‘गिरणी’, ‘खोली’ नि ‘शनिवार’ एवढं बरोबर उचललं. बाकीचं त्यांना सांगायची गरज नव्हती.

मालवणचं नाव काढलं, की तिथं यांचा भाव वधारे. कारण लिओ वराडकर! त्यांचे वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ते २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, २०२२ अखेर पुन्हा झाले नि २०२४ साली पायउतार झाले. यांचं त्यांच्याशी काडीइतकं नातं नाही. पण पहिल्या आठवड्यात हे “आमच्याच तालुक्यातले” म्हणत, चौथ्या आठवड्यात “आमच्या बाजूच्या गावचे” म्हणू लागले. आणखी महिनाभर राहिलो असतो, तर भाऊबंदकी निघाली असती.

क्लेअर परगण्यात आणखी एका बाईची कीर्ती ऐकली, ती तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही. किलरश गावच्या एलिझाबेथ क्रॉटी. जन्म १८८५ चा. नवऱ्याबरोबर पब चालवायच्या, घर सांभाळायच्या नि कॉन्सर्टिना वाजवायच्या. पन्नाशीच्या दशकात रेडिओची गाडी ध्वनिमुद्रणासाठी खेडोपाडी फिरू लागली, तेव्हा बाई सत्तरीच्या आसपास होत्या. त्यांचं वादन सगळ्या देशानं ऐकलं. १९६० साली त्या गेल्या. आजही परगण्यात त्यांना ‘मिसेस क्रॉटी’ असंच म्हणतात, जसं आपण एखाद्या बाईला नुसतं ‘काकू’ म्हणतो नि गावाला कळतं. किलरशच्या चौकातल्या त्यांच्या पबसमोर मी पाच मिनिटं उभी राहिले. संसार आटपून मग कला, असं आपण म्हणतो. या बाईंनी आटपण्याची वाट पाहिली नाही.

आता सहलींचं सांगते. एनिसहून सकाळी निघून रात्री परतता येईल अशी ठिकाणं पुष्कळ. एस. टी.सारखी बस आहे, ३५० नंबरची. ती मोहरच्या कड्यांवरून डूलिनला नि पुढे गॉलवेला जाते. मोहरचे कडे म्हणजे समुद्रात सरळ उतरलेली दगडी भिंत, सर्वांत उंच जागी २१४ मीटर. खाली लाटा फुटतात, पण वरपर्यंत आवाज उशिरानं येतो. वारा असा, की मी नऊवारी नेसत नाही याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं. डूलिन हे कड्याच्या पायथ्याचं चार-दोन घरांचं गाव, पण रसेल नावाच्या तीन शेतकरी भावांनी ते गाजवलं. त्यांतले मायको रसेल पत्र्याची व्हिसल वाजवत जगभर फिरले. १९९४ साली ते गेले. आज त्या एवढ्याशा गावात रोज संध्याकाळी बैठका बसतात.

डूलिनहून बोटीनं इनिशीर या बेटावर गेलो. तिथं अजून आयरिश भाषा घरात बोलतात. बेटभर दगडांचे कोरडे बांध, एकावर एक नुसते रचलेले, चुना नाही नि माती नाही. किनाऱ्यावर गंजलेलं एक जहाज पडलं आहे. १९६० च्या मार्चमध्ये वादळात ते खडकावर चढलं, नि बेटावरच्या लोकांनी दोर टाकून त्यावरच्या सगळ्या माणसांना ओढून काढलं. माणसं सुखरूप घरी गेली, जहाज मात्र तिथंच राहिलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मिलटाउन मालबेला गेलो. इलन पाइप्सचे वादक विली क्लॅन्सी यांचं हे गाव. १९७३ च्या जानेवारीत ते गेले नि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या नावानं शिकवणीचा आठवडा सुरू झाला. सकाळी शाळांच्या वर्गांत सात वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळे वाद्यं घेऊन बसतात, नि संध्याकाळी तेच सगळे पबमध्ये. आमची नात एका खिडकीच्या कट्ट्यावर अनोळखी मुलींबरोबर दीड तास व्हिसल वाजवत होती. मी तिचा डबा धरून उभी. एका क्षणी तिनं मान वर केली नि मला पाहून हसली. तिथल्या इतर मुलींपासून तिला वेगळं काढावं असं काहीच नव्हतं. मला ते फार आवडलं, नि थोडं लागलंही.

का लागलं, ते सांगते. त्याच आठवड्यात आम्ही बरनला गेलो होतो. मैलोन्‌मैल करड्या चुनखडीची फरसबंदी, भेगांतून रानफुलं, नि मध्ये पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तीन-चार शिळांवर मोठी शिळा ठेवून बांधलेली पूलनाब्रोनची समाधी. येताना मुलीनं गाडी गावाबाहेर नव्या घरांच्या रांगेपाशी थांबवली. बोट दाखवून म्हणाली, “आई, ते कोपऱ्यातलं. आपण घेतलंय. नोव्हेंबरात ताबा मिळेल.”

घर चांगलं आहे. दोन मजले, मागे परसू, त्यात एक सफरचंदाचं झाड. मी “छान आहे हो,” म्हटलं. हे म्हणाले, “कर्ज किती वर्षांचं?” जावई म्हणाले, “पंचवीस.” त्या आकड्यात सगळं आलं. ‘दोन वर्षं जाऊन येतो’ म्हणून गेलेली मुलं. मग पाच. आता पंचवीस. मुलगी ‘आपण’ म्हणाली, नि त्या ‘आपण’मध्ये आम्ही दोघं आहोत की पाहुणे, हे मला गाडीत बसून ठरवता येईना. त्या रात्री कोणीच पबचं नाव काढलं नाही.

पुढच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे कोव्ह बंदर पाहायला गेलो. लांबचा पल्ला, पण एका दिवसात होतो. टेकडीवर मोठं चर्च, उतारावर रंगीत घरं, खाली खाडी. १८४५ ते १८५२ या वर्षांत बटाट्याचं पीक कुजलं नि सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं नि रोगानं गेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये बेटाची वस्ती ८० लाखांवर होती, तो आकडा अजून भरून निघालेला नाही. १८४८ ते १९५० पर्यंत एकट्या या बंदरातून सुमारे २५ लाख माणसं बोटीत चढली. धक्क्यावर एका मुलीचा पुतळा आहे, दोन धाकट्या भावांसह. ॲनी मूर. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस बेटावरचं नवं केंद्र उघडलं, तेव्हा पहिली नोंद तिची झाली. आईबाप आधीच पुढे गेले होते. पुतळ्यातली ती मागे वळून पाहते.

माझी मुलगी त्या पुतळ्यापाशी उभी राहून नातीला हे सगळं वाचून दाखवत होती. हे बाकावर बसले होते. कोणीच कोणाला काही म्हणालं नाही. परतीच्या वाटेवर मुलगी एकदाच म्हणाली, “तेव्हा फोन नव्हते गं.” मी म्हटलं, “हो.”

सोमवारी आजोबांनी विचारलं, कुठं होतात? कोव्हचं नाव ऐकून त्यांनी कॉन्सर्टिना टेबलावर ठेवली. त्यांच्या आजीच्या काळी घरातलं पोर अमेरिकेला निघालं, की आदल्या रात्री गाव जमे. त्याला ‘अमेरिकेची मयतरात्र’ म्हणत. मेल्या माणसापाशी जागतात तसं जागायचं, कारण गेलेलं पोर परत दिसणार नाही हे ठरलेलंच. रात्रभर वाजवायचं, नाचायचं, नि उजाडताना आईनं हंबरडा फोडायचा. त्यांच्या आजीनं तीन रात्री अशा काढल्या. स्वतः आजोबांची चार भावंडं इंग्लंडात गेली. एक परत आला, तो शवपेटीतून.

मग ते म्हणाले ते मी माझ्या शब्दांत सांगते. आज तुम्ही जे इथं ऐकता, त्यातलं निम्मं गेलेल्यांनी सांभाळलं आहे. कॉर्कहून गेलेला फ्रान्सिस ओनील शिकागोचा पोलीसप्रमुख झाला, नि तिथल्या आयरिश लोकांकडून चाली गोळा करून त्यानं १९०३ साली १८५० चालींचं पुस्तक छापलं. स्लायगोचा मायकेल कोलमन १९१४ साली अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्याच्या तबकड्या पोस्टानं घरी येत, नि इकडची पोरं त्यावरून फिडल शिकत. “घरी राहिलेले विसरतात,” आजोबा म्हणाले, “जाणाऱ्याला विसरून परवडत नाही.”

हे मला पटलं का? अर्धं पटलं. ओनीलच्या आईला पुस्तकापेक्षा पोर हवं असणार, असं माझ्या मनात आलं. पण ते मी बोलले नाही, कारण तेवढ्यात निराळाच प्रकार झाला.

तिकडे एक चाल आहे. एकानं गाणं म्हटलं, की पुढचं कोणी म्हणायचं हे सांगण्याचा मान त्याचा. त्याला ‘नोबल कॉल’ म्हणतात, नि तो मोडायचा नसतो. शाळामास्तरणीनं एक संथ गाणं म्हटलं नि शेवटी हात केला तो थेट आमच्या यांच्याकडे! चाळीतल्या भजनाची गोष्ट आजोबांनी गावभर केली होती ना! हे बँकेत लागल्यापासून भजनाला बसले नव्हते. चाळीस वर्षं. मी म्हटलं, आता हे ‘नको नको’ म्हणणार नि चहा मागवणार.

यांनी चष्मा काढला. टेबलावर बोटांनी ठेका धरला नि विठ्ठलाचा गजर सुरू केला. पहिल्या दोन ओळी आवाज बसलेला होता. तिसऱ्या ओळीला चढला. पब गप्प. बारमागचा मुलगा हातात फडकं धरून उभा. दुसऱ्या फेरीला बोरानवाल्यानं अंगठ्यानं हलकेच साथ दिली, नि गजराला शेवटी लय चढते तशी ती चढली, तेव्हा सगळं टेबल पायानं ठेका देत होतं. मुलगी खाली मान घालून बसली होती. तिनं वडिलांना गाताना कधी ऐकलंच नव्हतं. माझ्याही लग्नानंतर मोजून दोनदा.

संपल्यावर टाळ्या पडल्या, आजोबांनी पाठ थोपटली. यांचा कान लाल. नात मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिनं दप्तरातून व्हिसल काढली होती नि गजराची पहिली ओळ शोधत होती. “आजोबा, हा सूर येत नाहीये, कसा काढू?” तो कोमल सूर त्या पिपाणीवर सरळ निघत नाही, अर्धं भोक झाकावं लागतं. कॉलेजातल्या मुलानं तिला बोट कसं ठेवायचं ते दाखवलं. सूर कुठं लागला पाहिजे ते यांनी सांगितलं. दहा वाजायला पाच मिनिटं होती, तेवढ्यात एक ओळ बसली.

आम्ही परत आलो त्याला आता तीन महिने होत आले. दर रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी, आमच्याकडे फोन उभा करून ठेवतात नि शिकवणी चालते. हे ओळ म्हणतात, पोर वाजवते, हे “पुन्हा” म्हणतात. आजवर चार गजर झाले. मध्ये नातीनं यांना एक जिग शिकवली, ती हे आंघोळ करताना म्हणतात, नि बादलीवर ठेका जरा चुकतो. यांनी शनिवारच्या भजनाची चौकशी केली. आमच्या वसाहतीत एक मंडळ आहे, वीस वर्षांपासून आहे. आम्हांला त्यांचा कार्यक्रम फक्त गणपतीतला ठाऊक, खुर्च्यांवर बसून ऐकलेला. आता हे त्यांच्या सतरंजीवर बसतात.

घर घेतलं ते बरं झालं का, असं मला शेजारच्या विचारतात. त्याचा निकाल मी लावलेला नाही. पंचवीस वर्षं म्हणजे पंचवीस वर्षंच, ती कुठल्याही चालीनं कमी होत नाहीत. पण ज्या देशानं दीडशे वर्षं आपली पोरं बोटीवर चढवली, त्या देशात माझं पोर आहे, नि तिथल्या एका म्हाताऱ्याला माझ्या मनातलं न सांगता कळलं, एवढा दिलासा मी बरोबर आणला आहे.

नव्या घरात पहिली पणती लागायची आहे. तिकडे त्या दिवसांत पाच वाजायच्या आतबाहेर अंधार पडतो, त्यामुळे पणत्या पुष्कळ लागतील. फराळाचं पार्सल या आठवड्यात जायचं आहे. युरोपात दुधाचे पदार्थ बाहेरून नेऊ देत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी बाद. चकली, शेव, तेलातल्या शंकरपाळ्या नि चिवडा. चकल्या या खेपेला दोन डबे जास्त करते आहे. एक त्या कोपऱ्यातल्या टेबलासाठी. आजोबांच्या दातांना झेपतील का, हा प्रश्न आहे, म्हणून त्यांच्यापुरती भाजणी जरा खुसखुशीत दळून आणली आहे.